परिचारिका-विद्यार्थिनीचा दिनक्रम व त्याचा इतिहास

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडेल तेव्हा देवळाच्या बांधणीचा, शाळेचा व आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तान्त त्यांस इतर पानांवर सविस्तर मिळेलच. आम्ही येथे एका निराळ्या विषयास हात घालीत आहो. आपल्या घरांतून गेल्या दोन-तीन पिढ्यांत ज्या मुली इस्पितळांत शिकावयास गेल्या, त्यांचा शिक्षणाचा दिवस कसा जात असे व आज कसा जातो, हा तो विषय होय. नर्सिंगचा इतिहास म्हटला म्हणजे दिवा घेतलेली बाई, पांढरी टोपी आणि त्याग ह्या तीन गोष्टी सांगून लोक मोकळे होतात. परंतु पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत त्या मुलीचे तास कोणाच्या मालकीचे होते, वॉर्डाच्या की तिच्या पुस्तकांच्या, हे क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते ह्या विद्येचा बहुतेक इतिहास ह्या एका प्रश्नातच साठविलेला आहे.

'सिस्टर' ह्या शब्दापासून आरंभ करू. रोगी कोणत्याही धर्माचा असो, खाटेवरून तो हाक मारतो ती 'सिस्टर' अशीच. हा शब्द इंग्लंडातील इस्पितळांतून आपल्याकडे आला. तेथे वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेस हे नाव असे, आणि तेथेही तो मूळचा मठांतल्या व्रतस्थ भगिनींचाच. आपल्या लोकांची मात्र ह्या शब्दाने थोडी पंचाईत होते. एक मुलगी मठात व दुसरी इस्पितळात असली, म्हणजे 'सिस्टर आली' असे म्हटल्याबरोबर कोणती, हे पुन्हा विचारावे लागते. ही पंचाईत निष्कारण नाही. दोघींचे मूळ घर एकच आहे.

१६३३ साली पॅरिस शहरी संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईझ द मारिलाक ह्यांनी दयाभगिनींचा संघ स्थापिला. त्यांत बहुतेक खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या. मठाच्या भिंतीआड राहावयाचे ही तोवर व्रतस्थ स्त्रियांची रीत. ह्या मुलींस मात्र भर रस्त्याने गरिबांच्या घरी व इस्पितळांत पाठविण्यात आले, आणि त्या काळी ही मोठ्या नवलाची गोष्ट होती. आपल्या किनाऱ्यावरही ह्या सेवेची जुनी खूण आहे. १५४२ साली गोव्यास उतरल्यावर संत फ्रान्सिस झेवियर इस्पितळातच राहिले व रोग्यांची शुश्रूषा करू लागले. रुग्णसेवेची परंपरा अशी जुनी असली, तरी तीत 'विद्यार्थिनी' म्हणून कोणी नव्हती. थोरल्या भगिनीच्या मागे धाकटीने उभे राहावे, ती काय करते ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी आपण करावे, एवढेच ते शिक्षण. त्यात प्रेम पुष्कळ होते; नियमित अध्ययन नव्हते.

ते अध्ययन आणण्याचे श्रेय फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या प्रॉटेस्टंट बाईस जाते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या ३८ परिचारिका घेऊन निघाल्या. त्यांपैकी १० कॅथलिक भगिनी होत्या, व लंडनच्या बर्मंडसी भागातील मठाच्या मदर क्लेअर मूर ह्या त्यांत होत्या. पुढे १८७४ साली मदर क्लेअर वारल्या, तोवर त्या दोघींचा स्नेह टिकला. धर्मपंथांत कडवट वाद चालू असण्याच्या त्या दिवसांत ही मैत्री लहान गोष्ट नव्हे.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नाइटिंगेलबाईंच्या निधीतून शाळा निघाली. पहिल्या वर्षी १५ उमेदवार मुली होत्या. त्यांस राहावयास प्रत्येकीची वेगळी खोली, जेवणखाण, चहा-साखर, धुलाई आणि वर्षास १० पौंड मिळत. वर्षभर वॉर्डात काम करावयाचे, इस्पितळाच्या डॉक्टरांची व्याख्याने ऐकावयाची व टिपणे ठेवावयाची, असा क्रम होता. मेट्रन मिसेस वॉर्डरोपर ह्या दरमहा प्रत्येकीचा एक तक्ता भरीत. वक्तशीरपणा, शांत वागणूक, विश्वासूपणा, टापटीप, स्वच्छता हे सारे त्यात येई, आणि त्याच्याच शेजारी जखम बांधणे, अंथरूण करणे, रोग्याचे निरीक्षण करणे ह्या कामांचीही नोंद असे. मुलीचे शील व मुलीचे कसब ह्यांची अशी एकाच कागदावर परीक्षा होई. ह्या शाळेची थोरवी आम्ही मानतो, परंतु एक गोष्ट नजरेआड करवत नाही. मुलगी शिकत होती हे खरे, तथापि त्याच वेळी ती इस्पितळाचे काम करीत होती. आणि काम व शिक्षण ह्यांत ओढाताण झाली तर कामाचाच जय होई. ही खोट पुढे जेथे जेथे अशा शाळा निघाल्या तेथे तेथे गेली, आणि आपल्या मुंबईसही आली.

मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई इस्पितळात १८९१ साली शिकावयास आलेल्या बाई काशीबाई गणपत ह्यांचे नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांतून पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून येते. एक मराठी बाई त्या काळी घर सोडून परक्या माणसांची मलमूत्रे काढण्याची विद्या शिकावयास गेली, ह्यात केवढे धैर्य होते ते आज समजणे कठीण. ह्यानंतर पाचच वर्षांनी, १८९६ साली, मुंबईत प्लेग आला, आणि शुश्रूषा करणारे शिकलेले हात किती थोडे आहेत हे साऱ्या इलाख्यास कळून चुकले.

आता त्या जुन्या विद्यार्थिनीचा दिवस पाहू. आपल्या वाड्यांतील ज्या वृद्ध परिचारिका आज हयात आहेत, त्यांच्या तोंडून ह्या दिवसाचे वर्णन वाचकांनीही ऐकले असेल. पहाटे घंटा होई. प्रार्थना, चहा, कडक खळीचा गणवेश, केसांवर टोपी; आणि उजाडते न उजाडते तोच वॉर्डात हजेरी. तीस-चाळीस खाटांच्या वॉर्डात एक मोठी सिस्टर आणि बाकी साऱ्या शिकाऊ मुली. अंथरुणे, अंगपुसणी, बेडपॅन, ताप-नाडी, औषधे, मलमपट्ट्या. दुपारी थोडा निवांतपणा मिळाला तर बसून गॉजच्या घड्या घालावयाच्या, कापसाचे बोळे करावयाचे. रबरी हातमोजे धुऊन, पाण्याने भरून भोके तपासून, ठिगळ लावून, पावडर टाकून पुन्हा वापरावयाचे. काचेच्या पिचकाऱ्या व सुया उकळावयाच्या, बोथट सुईस धार लावावयाची. धुतलेले पट्टे गुंडाळावयाचे. हे सर्व आटोपल्यावर व्याख्यान. आणि व्याख्यान हे पाळीच्या तासांत नव्हे, तिच्या विश्रांतीच्या तासांत. रात्रपाळी बहुधा बारा तासांची असे. रात्रभर जागून सकाळी आलेली मुलगी शरीररचनेच्या तासाला बसे, आणि हाडांची नावे ऐकता ऐकता तिची मान खाली जाई. शिकविणाऱ्यांसही ते ठाऊक असे. उपाय कोणापाशी नव्हता, कारण ह्या मुली काढून घेतल्या असत्या तर इस्पितळ दुसऱ्या दिवशी चाललेच नसते.

'सेवा' ह्या शब्दाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ह्याच शब्दाच्या आडोशास कित्येक वर्षे फुकटची वेठ खपून गेली, हे स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. मुलगी ख्रिस्ती असली म्हणजे तर तिच्या त्यागावर सर्वांचाच हक्क. आणि इतके करून समाजात मान कोणता? रात्री घराबाहेर राहणारी, परपुरुषाच्या अंगास हात लावणारी, अशी कुजबुज. पुष्कळ जातींतल्या मुलींस विटाळाच्या कल्पनेने हे दार बंद होते, म्हणून हिंदुस्थानातील परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा भरणा फार मोठा झाला. आपणही ह्या बाबतीत निर्दोष होतो असे नाही. मुलीचा पगार घर चालवी, धाकट्या भावाची फी भरी, आणि तिच्या लग्नाची गोष्ट निघाली म्हणजे 'नर्स आहे' हे वाक्य हलक्या आवाजात बोलले जाई.

१९४३ साली सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्यात देशभर सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक, असा हिशेब निघाला. अशा स्थितीत शिकाऊ मुलीस शिकण्याकरिता मोकळे सोडावयाचे तरी कोणी? तिचा तास वॉर्डाने का गिळला, ह्याचे उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे.

ह्याच सुमारास ख्रिस्तसभेतही एक मोठा पालट होऊन गेला होता. त्याची माहिती आपल्या लोकांत फारशी नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. वैद्यकीचा व्यवसाय करण्यास, आणि विशेषेकरून प्रसूतीच्या कामात पडण्यास, व्रतस्थ भगिनींस पूर्वीच्या नियमांची आडकाठी होती. हिंदुस्थानातल्या पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडीही दाखवीत ना, आणि बाळंतपणात मरत. मठातल्या भगिनी दारात असून आत जाऊ शकत नसत. डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरेन ह्या स्कॉटिश बाईने रावळपिंडीस स्त्रियांकरिता इस्पितळ काढण्याच्या कामी पुढाकार घेतला आणि रोमकडे ह्या नियमाविरुद्ध वारंवार अर्ज केले. १९१३ साली त्या वारल्या; अर्ज पडून राहिले. त्यांच्या मागून ऑस्ट्रियाच्या डॉ. ॲना डेंगल त्याच इस्पितळात राबल्या, व १९२५ साली त्यांनी वैद्यकीय मिशनच्या भगिनींचा संघ अमेरिकेत स्थापिला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्दच्या मातेच्या सणादिवशी, रोमहून आज्ञापत्र निघाले. त्याने भगिनींस माता व बालके ह्यांच्या सेवेची मोकळीक दिली. आम्हांस त्याहूनही महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: अशा भगिनींनी डॉक्टरांच्या पदव्या व परिचारिकांची प्रमाणपत्रे मिळवावीत, असेही त्यात सुचविले होते. नुसती दया पुरत नाही, दयेला विद्येची जोड हवी, हे रोमने मान्य केले. प्रसूतीत रक्तस्राव होणाऱ्या बाईपाशी प्रार्थना करीत बसलेली भगिनी आणि प्रार्थना करीत असतानाच गर्भाशय चोळून आवळावयास लावणारी भगिनी, ह्या दोघींतला भेद तो हाच.

गुंटूर येथे १९२० साली आलेल्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर-भगिनी मेरी ग्लॉवरी ह्यांनी १९४३ साली कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संघटना उभारली, ती ह्याच पायावर.

विद्यापीठाचा प्रवेश होतो तो येथे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९०९ साली नर्सिंगची शाळा आपल्या पदराखाली घेतली होती, व १९२३ साली येल विद्यापीठाने स्वतंत्र शाळा काढली. आपल्या देशात १९४६ हे साल त्याचे. त्या एकाच वर्षी दिल्ली विद्यापीठाखाली दिल्लीस आणि मद्रास विद्यापीठाखाली वेल्लोरच्या ख्रिस्ती इस्पितळात बी. एस्‌सी. नर्सिंगचे वर्ग निघाले. दिल्लीच्या कॉलेजास पुढे राजकुमारी अमृत कौर ह्यांचे नाव मिळाले, व १९५९ साली तेथे उच्च पदवीचीही सोय झाली. महाराष्ट्रात, महर्षी कर्वे ह्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने १९६४ साली मुंबईस लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज काढले. विधवांच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांच्या विद्यापीठाने परिचारिकेस पदवी द्यावी, हे यथायोग्यच झाले. १९९८ साली नाशिकास महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांतील कॉलेजे त्याच्या छत्राखाली आली.

विद्यापीठाने नेमके काय केले? पदवीची गुंडाळी दिली हे दुय्यम. त्याने तास वाटून दिले. अमुक तास व्याख्यानाचे, अमुक प्रयोगशाळेचे, अमुक वॉर्डाचे, असे ठरले. आणि वॉर्डातले तासही कामाचे नव्हेत तर शिकण्याचे, हे निदान कागदावर तरी मान्य झाले. भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे हा अभ्यासक्रम चार वर्षांचा व आठ सत्रांचा आहे.

ह्या मुलीचा दिवस पाहावा. वसतिगृहात साडेपाचला गजर होतो. न्हाणीघरापुढे रांग असते, ही गोष्ट मात्र कोणत्याही विद्यापीठास बदलता आलेली नाही. आठाच्या आत ती वॉर्डात असते. पहिल्या वर्षी आरंभीचे काही आठवडे तिच्यापुढे खरा रोगी नसतो, प्रयोगशाळेतला पुतळा असतो. त्याला ती उलथवते, अंग पुसते, भरवते. अंथरूण घालणे हा तिचा पहिला धडा. बाहेरच्या माणसास हसू येईल, परंतु शस्त्रक्रियेहून येणाऱ्याची खाट वेगळी, हाड मोडलेल्याची वेगळी, धाप लागणाऱ्या हृद्रोग्याची वेगळी. चादरीस एक सुरकुती राहिली तरी हालचाल न करता येणाऱ्या रोग्याच्या पाठीस जखम होण्यास निमित्त मिळते. अशा रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावयाची असते. जुन्या विद्यार्थिनीलाही हे माहीत होते. आजच्या मुलीस त्याबरोबर हेही शिकावे लागते की दाबाखालील कातडीस रक्त पोहोचत नाही म्हणजे तेथे काय घडते.

गणितापासून सुटलो असे समजून ह्या विद्येकडे वळलेल्या मुलींची येथे निराशा होते. एक लिटर सलाइन आठ तासांत द्यावयाचे. नळीतून एका मिलिलिटरास १५ थेंब पडतात. तर मिनिटास किती थेंब ठेवावयाचे? उत्तर ३१. हे मनात करून, घड्याळाकडे पाहत, चाक फिरवून थेंब मोजावयाचे असतात. लेकरू असेल तर चूक चालत नाही. औषध देण्यापूर्वी रोगी तोच ना, औषध तेच ना, मात्रा, मार्ग व वेळ तीच ना, हे पाच प्रश्न ती इतक्या वेळा म्हणते की रोजरीच्या मण्यांप्रमाणे ते आपोआप बोटांवर येतात.

दुपारी व्याख्याने, संध्याकाळी वही. एकेका रोग्याची संपूर्ण हकीकत, त्याच्या अडचणी, त्यांवर काय योजिले व त्याचा गुण आला की नाही, हे सविस्तर लिहावे लागते. जुन्या मेट्रनच्या तक्त्यात मुलीची परीक्षा होई. ह्या वहीत मुलगी रोग्याचा अभ्यास करते. एवढ्या एका पालटास शंभर वर्षे लागली.

पुढे खेड्यातले दिवस येतात. घरभेटीची पिशवी घेऊन ती दारात उभी राहते. पिशवी जमिनीवर ठेवावयाची नाही. आधी वर्तमानपत्र पसरावयाचे, त्यावर पिशवी, मग हात धुवावयाचे, तेव्हा कोठे पिशवीत हात घालावयाचा. गर्भार बाईचा रक्तदाब, पोराचे वजन, म्हाताऱ्याच्या पायाची जखम, आणि मधून मधून चहाचा आग्रह. प्रसूतीच्या वॉर्डात तर घड्याळाचे काही चालतच नाही. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या हे मोजीत ती तासन्‌तास बसते. ठराविक संख्येच्या प्रसूती स्वतः केल्याची नोंद वहीत झाल्यावाचून परीक्षेस बसता येत नाही, आणि बाळे रात्री दोनलाच येतात अशी सर्व विद्यार्थिनींची समजूत आहे.

येथे सर्व कुशल आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. जेथे परिचारिका थोड्या व रोगी फार, तेथे पदवीची विद्यार्थिनी अजूनही पाहता पाहता कामकरीण होते. नियमाप्रमाणे तिने एका रोग्याचा अभ्यास करावयाचा असतो. प्रत्यक्षात वीस जणांचा ताप मोजून ती परत येते, आणि वही रात्री वसतिगृहात पुरी होते. वॉर्डाच्या सिस्टरला दोष द्यावा तर तीही एकटीच. पालकांनी कॉलेज पाहावयास जाताना इमारतीची उंची पाहण्याऐवजी, त्याचे स्वतःचे इस्पितळ आहे काय, त्यात रोगी येतात काय, आणि मुलींबरोबर वॉर्डात शिक्षिका उभी असते काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत असे आमचे सांगणे आहे. आता मुलगेही ह्या वर्गांत येऊ लागले आहेत. त्यांच्या लग्नाच्या वेळी तरी आवाज हलका होऊ नये, ही अपेक्षा.

आपल्या देवळात रविवारच्या पहिल्या मिस्सेला मागच्या बाकांवर डोळे तांबारलेल्या दोन-चार मुली दिसतात, त्या रात्रपाळीहून परस्पर आलेल्या असतात. काही आपल्या, काही केरळहून येथे शिकावयास आलेल्या. नाताळात घरी जाण्यास मिळेल की नाही हे नोव्हेंबरात पाळ्यांचा कागद लागेपर्यंत ठरत नाही. म्हणून त्यांनी आपसांत एक व्यवस्था करून ठेविलेली असते. दिवाळीच्या रात्री आपल्या मुलीने हिंदू मैत्रिणीची पाळी करावयाची, नाताळच्या रात्री तिने हिची. ईद येईल तेव्हा दोघींनी मिळून तिसरीची. मेट्रनची सही तेवढी आगाऊ घ्यावी लागते.